ज्युनियर सेआऊ: वीस हंगाम आणि कन्कशनची नोंद शून्य

चौथा डाव

अमेरिकन फुटबॉलवर इथे अधूनमधून धागे निघतात, पण सुपर बोलच्या (वर्षाच्या अंतिम सामन्याच्या) आठवड्यापुरते. आणि चर्चा क्वार्टरबॅकपुढे (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूपुढे) सरकतच नाही. ब्रेडी मोठा की मॅनिंग मोठा यावर शंभर प्रतिसाद, विषय संपला. मला बचावातल्या एका माणसाबद्दल लिहायचंय. लाइनबॅकर ज्युनियर सेआऊ, जर्सी क्रमांक ५५.

खेळ अजिबात माहीत नसलेल्यांसाठी कामापुरतं: दोन्हीकडे अकरा-अकरा जण. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. बचावाची पहिली फळी समोरच्या धिप्पाड गड्यांच्या थेट अंगाला भिडते, शेवटची फळी लांब फेकलेल्या चेंडूवर नजर ठेवते. मधे उभे असतात ते लाइनबॅकर. चेंडू घेऊन कोणी धावत आला तर त्याला आडवा करायचा, क्वार्टरबॅक फेकायच्या बेतात असेल तर त्याच्यावर तुटून पडायचं, आणि फेकलाच तर मागे पळून पास अडवायचा. म्हणजे दर वेळी समोरचा काय करणार हे सेकंदाच्या आत ओळखून त्या दिशेला अंग झोकायचं. कबड्डीत कव्हरला उभा असलेला गडी चढाईपटूच्या पायांवर डोळा ठेवून नेमक्या क्षणी धडक देतो, तसंच काहीसं. फक्त इथे धडक देणारा अडीचशे पौंडांचा, आणि ज्याला धडक बसते तोही पूर्ण वेगात.

सेआऊचा जन्म १९६९ चा, सान डिएगोचा. आईवडील सामोआचे. लहानपणीची काही वर्षं अमेरिकन सामोआत गेली, इंग्रजी शिकला तो सातव्या वर्षी. नंतर सान डिएगोच्या उत्तरेला ओशनसाइड या समुद्रकाठच्या गावात घर. घर म्हणजे काय, भावांसोबत गॅरेजमध्ये झोपायचा. ओशनसाइड हायस्कूलमध्ये फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्हींत चमकला. विद्यापीठ मिळालं यूएससी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया), पण प्रवेश परीक्षेत ७०० लागायचे तिथे ६९० मिळाले. दहा गुणांनी पहिलं वर्ष मैदानाबाहेर. गावात नाचक्की झाली, ती त्याला फार लागली होती. १९८९ च्या हंगामात त्याने १९ सॅक केले (क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच लोळवणं म्हणजे सॅक) आणि १९९० च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडणं) सान डिएगो चार्जर्सनी त्याला पाचव्या क्रमांकावर उचलला. घरच्याच संघात.

पुढचे आकडे एका दमात सांगतो. सलग १२ वेळा प्रो बोल (हंगामातल्या निवडक खेळाडूंचा सामना), १९९१ पासून २००२ पर्यंत. नव्वदच्या दशकाच्या सर्वोत्तम संघात निवड. एकूण २० हंगाम, २६८ सामने, ५६.५ सॅक, १८ इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणं). तेरा हंगाम चार्जर्सकडे, मग तीन मायामी डॉल्फिन्सकडे, शेवटचे चार न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे. या जागेवर वीस हंगाम टिकणं किती अवघड, ते यावरून समजा की बहुतेकांची कारकीर्द चार-पाच वर्षांत आटोपते.

पण त्याला बघायची मजा आकड्यांत नाही. स्नॅप (सेंटरने चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणं) व्हायच्या आधी तो एका जागी ठरायचाच नाही. दोन पावलं डावीकडे, परत मधे, समोरच्या सेंटरच्या हातांकडे टक लावून. चेंडू हलला रे हलला की दोन धिप्पाड माणसांच्या फटीतून आत. पुष्कळदा चेंडू पुरता क्वार्टरबॅकच्या हातात पोचायच्या आत तो पलीकडे पोचलेला असे. आखलेल्या योजनेत त्याची जागा एक आणि तो भलतीकडेच, हे नेहमीचं. अंदाज चुकला तर मागे हे एवढं भगदाड, आणि ते बुजवायला सोबत्यांची धावपळ. त्यावरून टीकाही व्हायची. टीका रास्त होती, पण मला तो त्याच्यामुळेच आवडायचा. सॅक केल्यावरचा त्याचा नाच, हवेत उडी, मूठ आवळून झटका, एक पाय झाडलेला, हा सान डिएगोच्या पोरांनी गल्लोगल्ली केलेला आहे.

१९९४ चा हंगाम सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मानेत नस दबलेली, डावा हात धड साथ देत नाही, आणि पिट्सबर्गच्या थ्री रिव्हर्स स्टेडियमवर एएफसीची (लीगच्या दोन गटांपैकी एकाची) अंतिम लढत. स्टीलर्स जिंकणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं, त्यांच्या खेळाडूंनी तर सुपर बोलसाठी गाण्याच्या व्हिडिओची तयारी चालवलेली. त्या दिवशी सेआऊने १६ टॅकल केले (चेंडूवाल्याला आडवं पाडणं म्हणजे टॅकल). शेवटी स्टीलर्स तीन यार्डांवर, चौथा प्रयत्न, आणि नील ओडॉनेलचा पास डेनिस गिब्सन या दुसऱ्या लाइनबॅकरने हात लावून पाडला. १७-१३. चार्जर्स पहिल्यांदा (आणि आजवर एकदाच) सुपर बोलमध्ये. तिथे सान फ्रान्सिस्कोच्या फॉर्टी नाइनर्सनी ४९-२६ असा धुव्वा उडवला ते सोडा. तिसऱ्याच प्लेला स्टीव्ह यंगने जेरी राइसला टचडाउन दिला तिथेच कळलं होतं.

आता धाग्याच्या शीर्षकाबद्दल. २ मे २०१२ ला सेआऊने ओशनसाइडच्या घरी आत्महत्या केली. वय ४३. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जाहीर केलं की त्याच्या मेंदूत सीटीई होता. डोक्याला वर्षानुवर्षं मार बसून होणारा आजार. आणि वीस हंगामांत लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, अधिकृत दुखापत यादीत ‘कन्कशन’ (डोक्याला मार बसून मेंदूला बसलेला हादरा) या कारणाखाली त्याचं नाव एकदाही आलेलं नाही. घटस्फोटित पत्नीने नंतर सांगितलं की अर्थातच त्याला कन्कशन झाले होते. मग ते गेले कुठे? माझ्या मते सेआऊचा खरा वारसा ही कोरी यादी आहे, बारा प्रो बोल नव्हेत.

---

सातारी तडका

झकास लिहिलंय. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, आता निदान लाइनबॅकर कुठे उभा असतो ते कळलं.

कबड्डीची उपमा मात्र निम्मीच लागू पडते राव. कबड्डीत चढाईला येणारा एकटा असतो आणि तो समोर दिसतो. इथे चेंडू नक्की कोणाकडे गेला हेच लपवलेलं असतं ना? मग हा माणूस आधीच धावत कसा सुटायचा?

---

चौथा डाव

@सातारी तडका, बरोबर पकडलंत. सगळी गोम तिथेच आहे. समोरचे लाइनमन चेंडू हलताच मागे सरकले तर बहुधा पास, पुढे रेटायला लागले तर बहुधा धाव. गार्डने वजन बोटांवर टाकलंय की टाचांवर, हे स्नॅपच्या आधी दिसतं. सेआऊ हे वाचायचा आणि उरलेलं नशिबावर सोडायचा. बाकीचे लाइनबॅकर खात्री होईपर्यंत थांबत, हा थांबत नसे. चुकला की टीव्हीवर हसं, बरोबर निघाला की तीन यार्ड मागे कोणीतरी पाठीवर पडलेला.

---

बंड्या बे एरिया

सुंदर धागा. पण शेवटच्या वाक्याशी साफ असहमत.

मेल्यानंतर माणसाची अख्खी कारकीर्द मेंदूच्या एका स्लाइडपुरती करून टाकायची ही जी पद्धत पडली आहे ना, ती मला पटत नाही. सेआऊ म्हटलं की लोक आता फक्त हेच बोलतात. मी नाइनर्सचा, म्हणजे आमचा तो काही लाडका नव्हे. तरी सांगतो, त्याच्या काळात त्याच्यासारखा लाइनबॅकर एएफसीत दुसरा नव्हता. १९९२ ला चार्जर्स पहिले चारही सामने हरले आणि मग बारापैकी अकरा जिंकले. तो बचाव कोणाच्या जिवावर उभा होता? त्याच वर्षी एका मोठ्या वृत्तसंस्थेने त्याला वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरवलं.

आणि मैदानाबाहेरचं तर तुम्ही लिहिलंच नाही. १९९२ मध्येच त्याने स्वतःची फाउंडेशन काढली. नाताळात गरीब घरच्या मुलांना खेळाडूंबरोबर खरेदीला न्यायचा उपक्रम तिचाच. १९९४ ला समाजकार्यासाठीचा लीगचा मॅन ऑफ द इयर पुरस्कार मिळाला. हा वारसा नाही?

---

चौथा डाव

@बंड्या, फाउंडेशनचं राहिलं, भर घातल्याबद्दल आभार. पण १९९४ चा उल्लेख तुम्हीच केलात, तर त्याच वर्षातली अजून एक गोष्ट.

१९९४ मध्येच एनएफएलने डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करायला समिती नेमली. अध्यक्ष कोण? न्यूयॉर्क जेट्सचे संघ-डॉक्टर एलियट पेलमन. ते मेंदूचे तज्ज्ञ नव्हते, संधिवाताचे होते. या समितीने पुढे जे शोधनिबंध छापले त्यांचा सूर असा की खेळाडूंना कन्कशनने दीर्घकाळचं काही नुकसान होत नाही, आणि त्याच सामन्यात परत मैदानात उतरवलं तरी चालतं. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेससमोर सुनावणी झाली, तिथे लीगची चांगलीच बिनपाण्याने झाली. मग डिसेंबर २००९ मध्ये नियम आला: कन्कशनची ठळक लक्षणं दिसली तर त्या दिवशी परत खेळायचं नाही.

सेआऊचा शेवटचा सामना जानेवारी २०१० चा, बॉल्टिमोरविरुद्ध. म्हणजे त्याची जवळजवळ सगळी कारकीर्द त्या नियमाच्या आधीची. यादी कोरी असण्याचं कारण तिथे आहे. डोकं गरगरलं तरी ‘बेल वाजली’ म्हणायचं, पाणी प्यायचं, हसायचं आणि पुढच्या प्लेला उभं राहायचं. समाजकार्य मोठंच आहे, पण ते कौतुकाने सांगितलं जातं. हे सांगितलं जात नाही, म्हणून मी त्याच्यावर जोर दिला.

---

निशाचर डॉ.

मी मेंदूविकाराच्या क्षेत्रात आहे, फुटबॉलमधलं कळत नाही. वैद्यकीय बाजूचं थोडं लिहिते, कारण या विषयावर नेटवर बराच गोंधळ आहे.

सीटीई म्हणजे क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी. यात टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत साठतं, विशेषतः मेंदूच्या घड्यांच्या खोलगट भागात, बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती. अल्झायमरमध्येही टाऊ असतं, पण साठण्याची ही जागा वेगळी, त्यावरूनच हा आजार ओळखतात. आणि हे सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप बघूनच ठरतं. हयात माणसात ठाम निदान करणारी चाचणी अजून नाही. सेआऊच्या बाबतीत बाहेरच्या तज्ज्ञांना तो कोणाचा मेंदू आहे हे न सांगता नमुने दिले होते, आणि त्यांनी सीटीईच सांगितलं. त्यामुळे निदानाबद्दल वाद नाही.

दुसरं, जे लोकांना पटत नाही ते: फक्त भोवळ आणणारे मोठे मार मोजून उपयोग नसतो. ज्याने काहीच लक्षण दिसत नाही असे छोटे छोटे धक्के, दर सरावाला, दर सामन्याला, वर्षानुवर्षं, त्यांची बेरीज जास्त महत्त्वाची दिसते. म्हणजे चौथा डाव म्हणतात ती यादी अगदी प्रामाणिकपणे भरली असती, तरी निम्मी गोष्ट तीत आलीच नसती. हे तुमच्या मुद्द्याच्या थोडं विरोधात जातं, पण खरं आहे.

तिसरं. २०१७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात बॉस्टन विद्यापीठाच्या अ‍ॅन मकी आणि सहकाऱ्यांना एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई सापडला. हा आकडा सगळीकडे फिरतो. पण ते मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते, आणि ज्यांना आधी काही त्रास जाणवला होता अशीच कुटुंबं दान करायला पुढे येतात. त्यामुळे ‘शंभरातल्या नव्व्याण्णव खेळाडूंना होतो’ असा अर्थ काढू नका. किती टक्क्यांना होतो, हे त्या अभ्यासातून निघतच नाही.

आणि आत्महत्येचं एकच कारण कधी नसतं. सेआऊला झोपेचा त्रास होता, जुगाराचं व्यसन होतं, पैशांची ओढाताण होती. यातलं किती आजाराने आलं आणि किती स्वतंत्र होतं, हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. (वाचणाऱ्यांपैकी कोणाला असे विचार येत असतील तर भारतात टेलि-मानस १४४१६ वर मराठीतूनही बोलता येतं.)

---

पावटा

डॉक्टर, प्रतिसाद जपून ठेवला.

एक विचारायचं होतं. मी कुठेतरी वाचलं होतं की ‘माझा मेंदू तपासा’ अशी चिठ्ठी त्याने लिहून ठेवली होती. खरं का?

---

चौथा डाव

@पावटा, नाही. ते डेव्ह ड्यूअरसन, शिकागो बेअर्सचा माजी सेफ्टी (बचावाच्या शेवटच्या फळीतला), फेब्रुवारी २०११. त्याने तसं लिहून ठेवलं होतं. सेआऊने असं काही मागे ठेवलं नव्हतं, मेंदू तपासायला द्यायचा निर्णय घरच्यांचा. दोन्ही मृत्यू साधारण सव्वा वर्षाच्या अंतराने झाले, म्हणून सरमिसळ होते.

---

कोर्टाची पायरी

वकिलीच्या अंगाने चार ओळी.

साडेचार हजारांवर माजी खेळाडूंनी लीगवर दावे लावले होते. ऑगस्ट २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली. न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी ती लगेच मान्य केली नाही, एवढ्या पैशांत सगळ्यांचं भागेल का असा त्यांचा प्रश्न होता. मग वरची मर्यादा काढली आणि एप्रिल २०१५ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली.

सेआऊच्या कुटुंबाने २०१३ च्या जानेवारीतच वेगळा दावा लावला होता आणि ते सामूहिक तडजोडीतून बाहेर राहिले. हा धाडसाचा निर्णय होता. आत राहिले असते तर ठरलेल्या तक्त्यानुसार रक्कम मिळाली असती. बाहेर राहून दावा लढवला तर लीगला जुने कागद कोर्टात हजर करायला लावता येतात. कोणाला काय आणि केव्हा माहीत होतं ते उलगडतं. शेवटी २०१८ मध्ये त्यांचीही तडजोड झाली, अटी गोपनीय. कुटुंबाला दोष देत नाही, पाच वर्षं लढणं सोपं नाही. पण तडजोड झाली की कागद कपाटातच राहतात. त्या अर्थाने लीगला हे स्वस्तात पडलं, रक्कम काहीही असो.

आणखी एक गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर). सामूहिक तडजोडीत ‘मृत्यूनंतर सीटीईचं निदान’ यासाठी पैसे आहेत, पण एप्रिल २०१५ मध्ये मंजुरी मिळाली त्या तारखेच्या आधी मृत्यू झाला असेल तरच. नंतर गेलेल्यांना त्या रकान्याखाली काही नाही. डॉक्टर म्हणतात तसं निदान मेल्याशिवाय होत नाही. जोडून वाचा.

---

मोगरा

हे शेवटचं वाचून सुन्न झाले.

टेक्ससमध्ये राहते. मुलगा बारा वर्षांचा, शाळेतले सगळे मित्र टॅकल फुटबॉलला जातात. इथे शुक्रवारी रात्री हायस्कूलचा सामना असला की गाव ओस पडतं, बँड, चिअरलीडर, आजीआजोबा सगळे स्टेडियमवर. त्याला ‘तू फक्त बघ’ म्हणणं म्हणजे गणपतीत पोराला मांडवात येऊ नको म्हणण्यासारखं झालंय. नवरा म्हणतो खेळू दे, पडला तर उठेल. मी अडवून धरलंय. सध्या फ्लॅग फुटबॉलवर (आडवं न पाडता कमरेची पट्टी ओढायची) तह झालाय. सेआऊबद्दल नवऱ्याला वाचायला देणार आहे, पण त्याआधी विचारते, हायस्कूलच्या पातळीवरही हा धोका असतो का?

---

निशाचर डॉ.

@मोगरा, जितकी वर्षं जास्त खेळाल तितका धोका वाढतो, एवढं बऱ्यापैकी स्पष्ट आहे. हायस्कूलपुरतं खेळून थांबलेल्यांमध्ये तो व्यावसायिकांच्या मानाने पुष्कळ कमी. लहान वयात टॅकल जितकं उशिरा सुरू करता येईल तितकं बरं, असं बरेच तज्ज्ञ सांगतात. फ्लॅगवरचा तह चांगला आहे, तो लांबवत राहा. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. आणि टॅकल सुरू केलंच, तर सरावात आठवड्याला किती दिवस पूर्ण धडकाधडकी असते ते प्रशिक्षकाला विचारा. सामन्यांपेक्षा तिथलं प्रमाण महत्त्वाचं.

---

सातारी तडका

@मोगरा, फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे. क्रिकेटसोबतच घेतलंय. पोराला सांगा, मित्र शुक्रवारी बँड ऐकतील, तू राष्ट्रगीत ऐक.

---

मोगरा

हाहा! हे चालेल. हेच सांगते.

---

बंड्या बे एरिया

कोर्टाची पायरी यांच्या प्रतिसादानंतर मी थोडा नरमलोय, पण अजून पूर्ण पटलेलं नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. सेआऊला कोणी जबरदस्ती केली नव्हती. ऑगस्ट २००६ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, ‘पदवी घेतोय’ असं म्हणाला, मोठा समारंभ झाला. चार दिवसांत पेट्रियट्सशी करार! त्याच हंगामात बेअर्सविरुद्ध हात मोडला, सदतिसाव्या वर्षी. लोकांना वाटलं आता संपलं. पुढच्या हंगामात पठ्ठ्या परत हजर. सोळाच्या सोळा सामने जिंकलेला तो संघ, एएफसीच्या अंतिम सामन्यात हरवलं कोणाला तर चार्जर्सनाच, २१-१२. आणि मग सुपर बोलमध्ये जायंट्सकडून १७-१४ अशी हार. सुपर बोल विजेत्याची अंगठी मिळालीच नाही. तरी २००८ आणि २००९ मध्येही तो परत आला. याला खेळाशिवाय चैन पडत नव्हतं हो. यात लीगचा काय दोष?

---

चौथा डाव

@बंड्या, जबरदस्ती नव्हती हे कबूल. पण मर्जी कशाच्या आधारावर ठरते? ख्रिस बोरलँड घ्या, तुमच्याच नाइनर्सचा लाइनबॅकर. एक हंगाम खेळला, उत्तम खेळला, आणि मार्च २०१५ मध्ये चोविसाव्या वर्षी डोक्याच्या काळजीने निवृत्त झाला. ल्यूक कीकली, कॅरोलायनाचा, सात प्रो बोल, जानेवारी २०२० मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी थांबला. हे सेआऊपेक्षा कमी जिगरबाज होते का? त्यांना जे माहीत होतं ते सेआऊला १९९४ मध्ये मानेतली नस दबलेली असताना कोणी सांगितलेलं नव्हतं. उलट त्या दिवसाच्या सोळा टॅकलची आपण अजून वाहवा करतो. मीसुद्धा वर केलीच आहे.

माहिती हाताशी असताना तो खेळला असता का? बहुधा हो. पण मग तो त्याचा निर्णय ठरला असता.

---

लाटेवरचा

सान डिएगो काउंटीत राहतो, इथली बाजू सांगतो.

इथे सेआऊ म्हणजे खेळाडू नंतर, शेजारी आधी. जो भेटेल त्याला ‘बडी’. मिशन व्हॅलीत त्याचं रेस्टॉरंट होतं, तिथे गेलात तर तो स्वतः टेबलाशी येऊन बोलून जाण्याची शक्यता असायची. सर्फिंगचा नाद. तो गेला त्या आठवड्यात ओशनसाइडच्या समुद्रात शेकडो सर्फर फळ्या घेऊन आत गेले आणि गोल करून थांबले. इथल्या समुद्रावरच्या माणसाला असाच निरोप देतात. आज तिथल्या पिअरजवळचं खुलं नाट्यगृह आणि किनाऱ्यावरचं समाजकेंद्र त्याच्या नावाने आहे. शनिवारी तिथे बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांनी त्याला खेळताना पाहिलेलंही नाही, पण ५५ कोण ते विचारा, सांगतील.

गोड बाजूच सांगितली तर खोटं होईल. २०१० मध्ये घरगुती हिंसेच्या संशयावरून त्याला अटक झाली होती, आणि सुटल्यावर काही तासांत त्याची गाडी कार्ल्सबादला कड्यावरून खाली गेली. झोप लागली, असं त्याने सांगितलं. तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं, कारण मान्य करायचंच होतं. गावाच्या लाडक्याला कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

चार्जर्सनी सप्टेंबर २०१२ मध्ये ५५ क्रमांक निवृत्त केला. २०१७ मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला, ते जुनं स्टेडियमही पाडून झालं. क्रमांक त्यांच्याकडे, माणूस आमच्याकडे, असं आम्ही चिडून म्हणतो.

---

निशाचर डॉ.

@लाटेवरचा, अटकेचा मुद्दा आणलात ते बरं झालं. स्वभावातला बदल, झटकन येणारा राग हे सीटीईत दिसतं हे खरं, पण त्या आडोशाला घरातल्या बाईला झालेला त्रास गायब करता येत नाही. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहावी लागतात.

---

पावटा

+१

हॉल ऑफ फेमच्या वेळी काहीतरी वाद झाला होता ना? मुलीला बोलू दिलं नाही वगैरे?

---

चौथा डाव

हो. २०१५ मध्ये पहिल्याच संधीला त्याची निवड झाली, पॉलिनेशियन वंशाचा पहिला खेळाडू. कँटन, ओहायोला ऑगस्टमध्ये सोहळा. मुलगी सिडनीने भाषण लिहून ठेवलं होतं. हॉलचं म्हणणं, मृत खेळाडूच्या वतीने भाषण नाही, फक्त चित्रफीत, हा २०१० पासूनचा नियम. लोक खवळले, मग तोडगा काय तर भाषणाऐवजी मंचावर छोटीशी मुलाखत. जे भाषण तिला करता आलं नाही ते न्यूयॉर्क टाइम्सने प्रसिद्ध केलं, आणि गंमत म्हणजे त्यात लीगविरुद्ध अवाक्षर नव्हतं. वडिलांबद्दलच बोलली होती पोर. नियम जुना होता हे मान्य, पण नियमाला चिकटण्यासाठी निवडलेला दिवस सोयीचा होता, असं माझं मत.

पॉलिनेशियन म्हटल्यावर अजून एक. आज लीगमध्ये सामोआच्या मुळांची इतकी मुलं दिसतात त्यात सेआऊचा वाटा मोठा आहे. ट्रॉय पोलामालू तर यूएससीतूनच आला, पुढे हॉल ऑफ फेममध्येही गेला. आणि तुआ तागोवायलोआ, मायामीचा तेव्हाचा क्वार्टरबॅक. सप्टेंबर २०२२ मध्ये सिनसिनाटीविरुद्ध तो मैदानावर पडला, बोटं वेडीवाकडी ताठरलेली, ते दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. चारच दिवस आधी तो एका सामन्यात लडखडला होता आणि तरी परत खेळला होता, पाठीची दुखापत म्हणून. त्या प्रकारानंतर लीगने नियम बदलला: तोल गेलेला दिसला की कारण काहीही सांगा, त्या दिवशी परत नाही. सेआऊला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. यादीत ‘पाठ’ लिहिता येतं हे तेव्हाही चालूच होतं.

---

बंड्या बे एरिया

बरं, तुआवाला मुद्दा मान्य. त्यावर बोलायला माझ्याकडे काही नाही.

आता जरा खेळावर येऊ. सर्वकालीन लाइनबॅकरांत सेआऊ कितवा? माझी यादी: लॉरेन्स टेलर, डिक बटकस, रे लुईस, मग सेआऊ.

---

चौथा डाव

टेलर पहिला यावर वादच नको. १९८६ मध्ये बचावपटू असून लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला, त्यानंतर आजवर दुसऱ्या बचावपटूला ते जमलेलं नाही. बटकसने प्लेऑफचा (बाद फेरीचा) एकही सामना न खेळता अशा याद्यांत जागा मिळवली, तेव्हा सेआऊला अंगठी नाही म्हणून खाली ढकलू नका एवढंच. लुईस आणि सेआऊ यांत मी सेआऊ घेईन. लुईसच्या पुढे असलेली बॉल्टिमोरची फळी सेआऊला मिळाली असती तर... असो, इथून धागा भरकटेल.

---

सातारी तडका

भरकटू द्या, पण आधी सांगा, पहिल्यांदाच बघणाऱ्याने कोणता सामना बघावा?

---

चौथा डाव

जानेवारी १९९५ चा पिट्सबर्गचा. जुनं चित्रण आहे, कॅमेरा चेंडूच्या मागे पळतो आणि ५५ अधूनमधून चौकटीबाहेर जातो. स्नॅपच्या आधी त्याला शोधून ठेवा, मगच चेंडूकडे बघा. आणि डावा हात तो किती कमी वापरतो तेही बघा.

---

सातारी तडका

पहिला हाफ पाहिला. जाहिराती नसत्या तर अर्ध्या तासात उरकला असता. ५५ सापडतो, कळत काही नाही, पण मजा येतेय. एक शंका: दहा जण एकावर एक पडल्यावर चेंडू कोणाचा हे ठरवतात कसं?

---

चौथा डाव

पंच एकेकाला ओढून ढीग उपसतात आणि तळाशी ज्याच्या कवेत सापडेल त्याचा. तोवर खाली काय काय चालतं, बोटं पिरगाळणं, चिमटे, ते अधिकृत यादीत येत नाही.